उधाणाचा रकाना

साखरी नाटे इथल्या मच्छीमार सोसायटीनं मला बोलावलं
ते एका वाक्यासाठी.
वाक्य चेअरमन अमजद सोलकरांच्या खुर्चीमागे
लॅमिनेट करून टांगलेलं:
'पाच वर्षांत निर्यात दुप्पट.'
खाली पाच संगणक, पाच ठेकेदारांनी विकलेले,
वाटण्या झालेल्या भावांसारखे
एकाच छपराखाली अबोला धरून.

मी पुण्याहून आणलेली चौकट उघडली.
चार थर: वर धंदा, मग माहिती, मग सॉफ्टवेअर,
तळाला यंत्रं, तारा, वीज.
कागद मोठा होता, वारा खाडीवरून येत होता,
चार कोपऱ्यांवर जाळ्याची शिसं ठेवली.

पहिले तीन दिवस एका बोटीतच गेले.
डिझेल पंपावर ती 'नूर-ए-दर्या',
बर्फाच्या कारखान्यात 'तांडेलाची निळी',
लिलावाच्या ॲपवर नुसता नंबर, त्यातही एक आकडा चुकलेला.
लाकूड एकच, खाती तीन,
आणि सबसिडी तिघींपैकी कुणालाच नाही.
हनीफ तांडेल म्हणाला, "मी तिला बाय म्हनतो,
तां पन लिवा."
लिहिलं. चौथी.

पण खरं दुखणं बर्फात होतं.
गजा आडिवरेकराच्या प्रोग्रामला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं,
रोज चारशे लाद्या.
इमानी प्रोग्राम. रोज चारशे.
कधी लाद्या गटारातून वितळत खाडीला मिळायच्या,
कधी सुरमई धक्क्यावर उन्हात वाट बघायची
आणि निर्यातवाल्याचा माणूस कल्ले उचलून बघायचा,
मान हलवायचा, ट्रक रिकामा परतायचा.
मी पंधरा महिन्यांचे आकडे घेतले,
बंदीचे दोन वगळून.
तारखांवर मांडले, वारांवर मांडले.
आलेख खाजणातल्या खेकड्यासारखा
तिरपाच पळत राहिला.

लिलावाची कारकून रुकैया होडेकर
हे सगळं चहाच्या बशीआडून बघत होती.
"दर्याला तारीख कलत नाय, ताई."
एवढंच म्हणून तिनं आपली वही सरकवली.
समासात अकरा वर्षं
रोज एक अक्षर:
उ, नाहीतर भा.
उधाण. भांग.

तिच्या अक्षरांवर आकडे मांडले
तसा आलेख उभा राहिला,
महिन्यातून दोनदा फुगणारा, दोनदा ओसरणारा.
मी इतका वेळ ज्याला गोंधळ म्हणत होते
ते पाणी होतं.

मग रकान्याला नाव काय द्यायचं, यात दुपार गेली.
गजा म्हणे तिथी.
रुकैया म्हणे चांद.
चेअरमन म्हणाले इंग्रजीत घाला, ऑडिटला बरं पडेल.
माझ्या चौकटीत नावं ठेवण्याचे नियम अठरा पानं आहेत,
त्यांत चंद्राची सोय नाही.
शेवटी वहीत होतं तेच ठेवलं: उ/भा.

धोरणापासून यंत्रापर्यंत रेघ ओढणं, माझं काम एवढंच.
त्या संध्याकाळी ती ओढली.
भिंतीवरच्या वाक्यातून निघाली,
वहीच्या समासात वाकली, तिथे थोडी थांबली,
आणि गजाच्या कॉम्प्रेसरच्या बटणाला टेकली.
सोलकरांनी चष्मा लावून बघितली.
"एवढ्यासाठीच तुमची फी?"
मी हो म्हणाले.

परवा गजाचा फोन आला.
आता उधाणाला सातशे लाद्या, भांगाला दीडशे,
मशीन आपलं आपण ठरवतं.
हनीफची बोट अजून तीन नावांनीच हिंडते,
अर्ज खात्यात अडकलाय.
आणि रुकैयाची वही?
ती बंद झालेली नाही.
"मशीन चुकलं तर तालून बघाया नको?"
फक्त समासात, गजा सांगत होता,
उ आणि भाच्या शेजारी
हल्ली एक तिसरं अक्षर येतं, अधूनमधून.
कसलं, ते ती सांगत नाही.